निवडणुकीतली भाऊबीज

सकाळी चहाचं आधण ठेवलं आणि खालच्या गल्लीत टेम्पोवरचा भोंगा सुरू झाला. महापालिकेची निवडणूक आली. आमच्या लालबागमध्ये ऋतू पंचांगात बघावे लागत नाहीत, ते गल्लीतून वर येतात. मूर्तिकारांच्या मांडवांवर ताडपत्री चढली की गणपती, गोविंदा पथकांचा सराव सुरू झाला की दहीहंडी आणि जुन्या कोळीगीताच्या चालीवर कुणाचं तरी नाव कोंबून गायलं जाऊ लागलं की निवडणूक. समोरच्या चाळीच्या गॅलरीवर ताजा फ्लेक्स ताणला गेला होता. त्याचा तो रॉकेलसारखा उग्र वास थेट आमच्या स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत आला आणि चहा नासला.

चहा नासला तो दुधामुळे, हे मला कळतं. पण निवडणुकीवर राग काढायची संधी मी सोडत नाही.

फ्लेक्सच्या त्या वासामागून मला नेहमी दुसरा एक वास येतो, तुपाच्या निरांजनाचा. लोकांना निवडणूक म्हटलं की सभा आठवतात, घोषणा आठवतात. मला आईचं पितळी ताट आठवतं. त्यात कुंकवाची कोयरी, अक्षता, सुपारी, तिची झिजून पातळ झालेली सोन्याची अंगठी आणि मधोमध निरांजन. चाळीत कुणीही उमेदवार प्रचाराला आला की दुसऱ्या मजल्यावर त्याला ओवाळायचा मान आईचा. हा मान तिला कुणी दिला आणि केव्हा, ते तिलाही सांगता यायचं नाही. बहुतेक एकदा तिने ओवाळलेला माणूस निवडून आला असणार आणि मग तिचा हात चांगला असल्याची बातमी पसरली असणार. तिने ओवाळलेले कितीतरी पडले, ते मात्र कुणी लक्षात ठेवलं नाही.

उमेदवाराला जिना चढवून वर आणायचे ते माझे वडील, म्हणजे नाना, आणि त्यांचा मित्र भाई. भाईची खोली गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला. दोघं एकाच तालुक्यातले, मालवणच्या बाजूचे. नाना गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर परळच्या एका इस्पितळात लागले. भाई बसवर कंडक्टर. पण कुणी विचारलं, की तुम्ही करता काय, तर दोघंही पहिल्यांदा पक्षाचं नाव सांगायचे, नोकरीचं नंतर. पोस्टरं लावायला खळ शिजवायची ती आमच्याच स्टोव्हवर. आई कुरकुरायची, की मेल्यांनो, माझ्या भाताच्या टोपात खळ शिजवता, आणि तरी टोप काढून द्यायची.

आईला सख्खा भाऊ नव्हता. होता, तो लहानपणीच गेला. ती लग्न होऊन मुंबईत आली त्या पहिल्याच दिवाळीत भाऊबीजेला रडत बसली होती, तेव्हा भाई न बोलावता येऊन पाटावर बसला आणि म्हणाला, "ओवाळ गो बाय. माका पण भयण नाय." झालं. तेव्हापासून तो माझा भाईमामा. त्याच्या लग्नानंतर, त्याच्या आजारपणात, मामी गेली त्या वर्षी त्याला सणाचं काही सुचत नसताना, काहीही असो, दर वर्षी भाऊबीजेला संध्याकाळी तो दादरच्या फुलबाजारातून शेवंतीची वेणी घेऊन यायचा आणि ताटात ठेवायचा. तीच त्याची ओवाळणी. आई ती वेणी माळून गॅलरीभर दोन फेऱ्या मारायची, उगीच, कुणाकडे विरजण मागायला वगैरे.

मग पक्ष फुटला.

तो का फुटला, कोण बरोबर, कोण चूक, यावर मला इथे एक अक्षर लिहायचं नाही. ते सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यातले निम्मे आमच्याच गॅलरीत राहतात. नाना एका बाजूला राहिले, भाईमामा दुसऱ्या. सुरुवातीला ती थट्टाच होती. "काय रे, तुझो नेतो आज खंयच्या हाटेलात?" असं नाना विचारायचे आणि भाईमामा म्हणायचा, "तुझो घरात बसान रवलो, ताच बरां." पण विधानसभेची निवडणूक लागली आणि अख्ख्या राज्यात कोण पुढे, कोण मागे, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येईना, तशी थट्टा आटत गेली. फरक मोठा असतो तेव्हा माणसं दिलदार असतात. हरणाऱ्याला आधीच ठाऊक असतं आणि जिंकणाऱ्याला समजूत घालायला वेळ असतो. अटीतटीच्या सामन्यात प्रत्येक मत हवं असतं आणि ज्याचं मत हवं असतं त्याच्याकडे सरळ बघता येत नाही. आमच्या मतदारसंघात तर म्हणे आमच्या आणि बाजूच्या दोन-तीन चाळी जिकडे झुकतील तिकडे निकाल झुकणार होता. त्यामुळे आमच्या घरातलं पाण्याचं पिंप भरायला येणारी बाईसुद्धा आधी अंदाज घ्यायची, मग पाण्याचं बोलायची.

दिवाळीच्या आधी चाळीचा मोठा कंदील चढवायचं काम या दोघांचं. एक जण दोरी सोडायचा, दुसरा खालून धरायचा. त्या वर्षी कंदिलाच्या शेजारी कुणाचा फ्लेक्स लागणार यावरून बाचाबाची झाली. मी आत चकल्या तळत होते. आवाज चढले तरी मी काही लक्ष दिलं नाही, कारण त्या दोघांचे आवाज चढलेलेच असत. मग नाना म्हणाले, "तू विकलो गेलंस."

भाईमामा दोरी कठड्याला बांधून निघून गेला. कंदील अर्धाच चढलेला राहिला आणि दिवाळीभर पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये लोंबकळत होता.

आपलेच दात, आपलेच ओठ. आई त्या वेळी एवढंच म्हणाली आणि दिवाळीचं करायला लागली. पण तिचं लक्ष नव्हतं. करंज्यांच्या सारणात वेलची दोनदा घातली. नानांशी ती भांडली नाही, याची मला जास्त भीती वाटली. तिला भांडण यायचं आणि चांगलं यायचं.

भाऊबीजेला तिने दुपारीच पाट मांडला. पाटाभोवती रांगोळी काढली. नाना आतल्या खोलीत पेपर वाचत होते, म्हणजे पेपर तोंडासमोर धरून बसले होते. ऊन उतरलं. गॅलरीत इतरांचे भाऊ येत होते, मिठाईचे पुडे, भाचरांचा गोंधळ. भाईमामाच्या खोलीचं दार लोटलेलं. आमच्या चाळीत दिवसा दार लोटणं म्हणजे घरात कुणी आजारी तरी असतं किंवा कुणी दुखावलेलं तरी. मी म्हटलं, "मी जाऊन बोलावू का?" आई म्हणाली, "भाऊबीजेक भावाक बोलवणां धाडूचा नसता."

दिवेलागणीला समोरच्या दोन टॉवरांच्या फटीत बीजेची कोर दिसली. नखाएवढी. शेजारच्या सुलूकाकू बाहेर आल्या. त्यांना भाऊ नाही, त्या दर वर्षी चंद्राला ओवाळतात. त्यांना आमचा रिकामा पाट दिसला. बिचाऱ्या चांगल्या मनाने म्हणाल्या, "या हो वहिनी, तुम्ही पण ओवाळून घ्या. आता बुडेल तो."

आईने त्यांच्याकडे असं बघितलं की मला काकूंचीच दया आली.

"माका भाव आसा," आई म्हणाली. "चंद्राक कित्याक ओवाळू?"

तिने निरांजन लावलंच नाही. तुपात भिजलेली वात तशीच ठेवून ताट झाकलं आणि देवाखाली सरकवलं. पाट उचलला. त्या संध्याकाळी ती जेवली नाही. नानाही जेवले नाहीत, पण त्यांनी कारण पोटाचं सांगितलं. मला दोघांचाही राग आला, आणि भाईमामाचा सर्वांत जास्त. तीन म्हातारी माणसं, आणि यांचं कोण ते मंत्रालयात बसणार म्हणून आमच्या घरात पाट रिकामा.

मग प्रचाराच्या फेऱ्या सुरू झाल्या. नानांचा उमेदवार आला, आईने त्याला रीतसर ओवाळलं. भाईमामाचं दार लोटलेलंच होतं. त्यानंतर एका संध्याकाळी दुसरा उमेदवार आला, भाईमामाच्या बाजूचा. खाली ताशा वाजायला लागला तसे गॅलरीतले सगळे आमच्या दाराकडे बघायला लागले. नाना दारातच उभे होते, डोक्यावर त्यांची काळी टोपी. टोपीशिवाय नाना खोलीबाहेर पाऊल टाकत नसत, अगदी गॅलरीच्या टोकाच्या संडासालाही टोपी घालूनच जायचे. मी म्हटलं, "नाना, आत या ना." ते म्हणाले, "माझ्या दारात कोण इलो म्हणान मी आत लपू?"

माणसं जिना चढून आली. पुढे उमेदवार, हात जोडलेले, गळ्यात हार. मागे पोरं, झेंडे, एक फोटो काढणारा. आणि सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून, गळ्यात पक्षाचं उपरणं आणि हातात पत्रकांचा गठ्ठा घेतलेला भाईमामा. आमच्या दारापर्यंत यायचं त्याच्या जिवावर आलं होतं, ते दिसतच होतं.

तेवढ्यात आई ताट घेऊन बाहेर आली.

नानांनी तिच्याकडे बघितलं. उमेदवाराचा चेहरा खुलला. तो पुढे झाला, मान खाली घातली, कपाळ पुढे केलं. फोटोवाल्याने मोबाइल उचलला. आणि आई म्हणाली, "वायच बाजूक व्हा."

तो बाजूला झाला. आई त्याच्या कपाळाखालून ताट घेऊन गेली, पोरांमधून, झेंड्यांमधून, आणि भाईमामाच्या समोर जाऊन उभी राहिली.

"फुडे ये," ती म्हणाली.

"बाय, हयसर नको गो," भाईमामा म्हणाला. "लोका आसत."

"लोका माझी काय बीज करतली? डोक्यार काय तरी घे."

उघड्या डोक्याने ओवाळून घ्यायचं नसतं. आमच्याकडे लहान पोराच्याही डोक्यावर रुमाल तरी टाकतात. भाईमामाने पत्रकांचा गठ्ठा खाली ठेवला आणि गळ्यातलं उपरणं डोक्यावर घ्यायला लागला. आई म्हणाली, "ह्यां नको." त्याने निमूटपणे उपरणं काढून कठड्यावर टाकलं. खिसे चाचपले. रुमाल नव्हता. एका पोराने तत्परतेने पक्षाची कागदी टोपी पुढे केली. आई म्हणाली, "ती पण नको."

खाली ताशा वाजतच होता. गॅलरीत वारा होता, आईने ज्योतीवर हात धरला होता. भाईमामाने एक हात स्वतःच्याच डोक्यावर ठेवला, लहान मुलं ठेवतात तसा. उमेदवार बिचारा बाजूला हात जोडून उभा.

तेव्हा नाना दारातून निघाले. चार माणसांना बाजूला सारून ते पुढे आले, आपल्या डोक्यावरची टोपी काढली, भाईमामाच्या डोक्यावर ठेवली आणि आमच्या खोलीत परत गेले. जाताना मी त्यांचं टक्कल पाहिलं. चारचौघांत मी ते पहिल्यांदाच बघत होते, आणि मला वाटलं की त्यांच्या अंगावर कुणीतरी काहीतरी पांघरावं.

आईने कुंकू लावलं, अक्षता लावल्या, सुपारी फिरवली, अंगठी फिरवली, ओवाळलं. भाईमामा रडत होता. लपवत नव्हता. ताटात घालायला त्याच्याकडे काही नव्हतं, तो खिशात हात घालून नुसताच चाचपडत राहिला. आई म्हणाली, "फुडल्या वर्सा वेळेर येतलंय म्हणान सांग. माका दुसरां काय नको."

"येतलंय गो," तो म्हणाला.

मग आई मागे वळली आणि उमेदवाराला म्हणाली, "या आता तुम्ही." त्याने पुन्हा मान खाली घातली. माणूस बरा होता, हसला नाही की चिडला नाही. फोटोवाला मात्र म्हणाला, "काकू, जरा हळू ओवाळा हां, मघाशी साहेबांचा फोटो राहिला."

मतदानाच्या दिवशी नाना उघड्या डोक्याने बाहेर पडले. शाळेच्या फाटकापासून लांब दोन्ही पक्षांची टेबलं मांडलेली होती, मतदाराचा नंबर शोधून द्यायला. भाईमामा आपल्या पक्षाच्या टेबलावर बसलेला, डोक्यावर नानांची टोपी. येणारे-जाणारे चमकून बघत होते, कारण ती टोपी अख्ख्या गल्लीला ठाऊक. नाना त्या टेबलासमोर थांबले. आईने माझा दंड घट्ट धरला.

नाना म्हणाले, "वाकडी घातलंस."

भाईमामाने टोपी सरळ केली. दोघांचं बोलणं इतकंच झालं. मग नाना शेजारच्या, आपल्या टेबलावर गेले, आपला नंबर घेतला, आपलं मत आपल्याच पक्षाला दिलं आणि घरी आल्यावर ते आम्हाला चारदा सांगितलं, न जाणो, आम्हाला काही शंका आली असेल.

नानांचा उमेदवार थोडक्यात पडला. किती थोडक्यात, तर आमच्या दोन-तीन चाळी दुसरीकडे झुकल्या असत्या तर जिंकला असता, इतक्या. भाईमामाने त्या दिवशी पेढे आणले नाहीत. मी जिन्यात त्याला विचारलं तर म्हणाला, "मी दितलंय, तो घेवचो नाय, आणि मगे माका वायट वाटात." दुसऱ्या दिवशी मात्र तो सकाळीच गॅलरीत आला आणि पेपरातल्या कुठल्याशा बातमीवरून दोघं असे कडाडून भांडले की सुलूकाकूंनी दुधाचं पातेलं गॅसवरून उतरवून बाहेर धाव घेतली. आई आत भाजी चिरत होती. तिने मान वर केली नाही, पण गुणगुणायला लागली.

टोपी भाईमामाकडेच राहिली. मी दादरहून नानांना नवी आणली, ती डब्यातच आहे. नाना उघड्या डोक्याने फिरायला लागले, आणि त्यांना तसं बघायची गल्लीलाही सवय झाली. मी एकदा म्हटलं, "भाईमामाकडून परत आणू का?" तर आईच म्हणाली, "ऱ्हवांदे थंयसर. फुडल्या वर्साक लागतली."

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. फारशी आजारी नव्हती, झोपेत गेली. स्मशानातून नाना आणि भाईमामा एकाच टॅक्सीतून परत आले आणि जिना चढताना कुणी कुणाला धरलं होतं ते मला सांगता येणार नाही.

आज त्या भोंग्याच्या आवाजात ही सगळी उजळणी झाली. वरची गणितं पुन्हा बदलली आहेत. विधानसभेला एकमेकांना गद्दार म्हणणारे काही जण आता एका व्यासपीठावर हार घालून बसतात आणि एका बाजूचे काही दुसऱ्या बाजूला गेले आहेत. नाना आणि भाईमामा मात्र जिथे होते तिथेच आहेत, आपापल्या बाजूला, आणि रोज भांडतात. कधी कधी वाटतं, निष्ठा म्हणतात ती एवढीच उरली आहे, आमच्या गॅलरीच्या दोन टोकांना. त्याचा मला अभिमान वाटतो आणि रागही येतो.

दुपारी खालून दोन पोरं आली होती. "ताई, संध्याकाळी साहेब येतायत. काकूंचं ताट आहे ना? तुम्ही ओवाळाल का?" मी म्हटलं, "दुसरं कुणाचं तरी बघा." त्यांना वाटलं, ताई दुसऱ्या बाजूच्या झाल्या. वाटू दे. वर्ष पुरं व्हायचं आहे, आणि त्या ताटाला पहिला मान कुणाचा ते दिवाळीत ठरलेलं आहे.

ही मधली दिवाळी, आई गेल्यानंतरची पहिली. घरात मृत्यू झाला की वर्षभर सण नसतो. फराळ शेजारणींनी आणून दिला, कंदील लावला नाही. भाऊबीजेला पाट मांडला नाही, कारण मांडून करायचं काय? नाना खुर्चीत बसून होते. दिवेलागणीच्या बऱ्याच आधी भाईमामा आला. वेळेवर. डोक्यावर काळी टोपी, हातात पुडीत बांधलेली शेवंतीची वेणी. त्याने आईच्या फोटोला वेणी घातली आणि पाट नव्हता तर तिथेच फोटोसमोर लादीवर बसला. मी चहा दिला तो तसाच राहिला.

मग त्याने दोन्ही हातांनी टोपी काढली आणि नानांपुढे धरली.

"घे रे," तो म्हणाला. "आता माझ्या डोक्यार टोपी कित्याक? ओवाळूक कोण आसा?"

नानांनी टोपीकडे बघितलं. हात पुढे केला नाही. मग माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भाईमामाकडे.

"ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. "फुडल्या वर्साक लागतली."